टॅक्सच्या फॉर्मवर ‘रहिवासी’

देवासहून निघाले त्या दिवशी बाबांनी माझ्या कागदपत्रांची फाइल तीनदा तपासली. कारखान्यात त्यांचा सगळा जन्म क्वालिटीत गेला. तयार माल हातात घेऊन ‘हा चालेल, हा नाही’ म्हणायचं, हेच काम. इंदूरच्या विमानतळावर आईने बॅगेत शेवेचं आणखी एक पाकीट कोंबलं. ती धारच्या जुन्या मराठी घरातली, त्यामुळे तिचं मराठी आमच्यापेक्षा जुन्या वळणाचं. ‘सांभाळून असावं, बाळ,’ एवढंच म्हणाली. ताई मात्र हसत होती. ‘माझ्या लग्नाला आली नाहीस तर बघ,’ म्हणाली. तेव्हा तिचं लग्न ठरलंही नव्हतं.

माझी शाळा हिंदीत झाली, त्यामुळे मराठी लिहिताना मी अजून अडखळते. तरी हे तुम्हां सगळ्यांसाठी लिहितेय. तिथे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं इकडे अमेरिकेत आलेल्यांसाठीही.

पहिल्या वर्षी मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम करायचे. पगारातून टॅक्स कापला जायचा. वसंतात रिटर्न भरायची वेळ आली, तेव्हा आमच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या विनीतभियाने, म्हणजे इंदूरच्या सीनियरने, तो स्वतः वापरायचा ते टॅक्सचं ॲप उघडून दिलं. ‘दस मिनिट का काम है,’ म्हणाला. एका ठिकाणी ॲपने विचारलं, तुम्ही इथले रहिवासी का? मी राहत तर इथेच होते. ‘हो’ दाबलं. फीवरची सवलत धरून चांगला रिफंड आला. त्याच सुमारास ताईचं लग्न ठरलं होतं, मेमध्ये. त्या पैशांत माझं जाण्या-येण्याचं तिकीट बसत होतं.

सुट्टीत मायदेशी जायचं तर व्हिसाच्या कागदावर परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसची सही लागते. ती घ्यायला गेले, तर तिथे भिंतीवर एक सूचना लावलेली: परदेशी विद्यार्थ्यांनी नेहमीचा फॉर्म भरू नये. मी तिथल्या वयस्क बाईंना माझा रिटर्न मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘तू इथे रहिवासी लिहिलं आहेस. टॅक्सच्या हिशेबात विद्यार्थी पहिली पाच वर्षं रहिवासी नसतो.’ मी घेतलेली सवलत मला लागूच नव्हती. दुरुस्तीचा फॉर्म भरून ते पैसे परत करायला हवे होते.

विनीतभिया म्हणाला, ‘अरे, कोई नी देखता. सबने ऐसे ही भरा है.’ त्याच्या मनात खोट नव्हती, त्याला कुणीतरी तसंच शिकवलं होतं.

मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘कळलं नव्हतं तोवर ती चूक होती. कळल्यावर तशीच ठेवलीस तर ती नुसती चूक राहत नाही.’ लगेच पुढे म्हणाले, ‘तिकिटाचं मी बघतो.’ माझ्या शिक्षणाचं कर्ज, त्यात ताईचं लग्न. मी नको म्हटलं आणि दुरुस्तीचा फॉर्म पैशांच्या चेकसकट पोस्टात टाकला.

लग्न मी व्हिडिओवर पाहिलं. मावशीने फोन खुर्चीवर टेकवून ठेवला होता. अंतरपाट दूर होण्याआधीच फोन आडवा झाला, आणि मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं मी मांडवाचं छत बघत ऐकलं. ताई मग चार महिने माझ्याशी बोलली नाही.

दोन वर्षांनी घरी गेले तेव्हा ती मला देवासच्या माताजीच्या टेकडीवर, देवीच्या दर्शनाला घेऊन गेली. पायऱ्या चढताना म्हणाली, ‘तू आली नाहीस याचा राग नव्हता गं. तू बाबांना विचारलंस, मला नुसतं कळवलंस.’ तिचं बरोबर होतं. फॉर्म दुरुस्त करायची मला घाई होती. ताईचाही त्यात वाटा आहे, हे सुचलंच नाही. मी तसं म्हटलं. तिने पर्समधून फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

एमएस संपवून मी पीएचडीला थांबले. दर वसंतात आता मीच त्या ऑफिसात बसून नव्या मुलामुलींचे फॉर्म तपासते. आधी विचारते, इथे येऊन किती वर्षं झाली? यंदा स्वतःची वर्षं मोजली, तर सहावं निघालं. ‘रहिवासी’ या शब्दापुढे मी यावेळी खरोखरीची खूण केली.

बाबांना सांगितलं. ते हसले. ‘मी साताऱ्याहून दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो,’ म्हणाले. ‘देवासचा कधी झालो, मला कुणी कळवलंच नाही. तुला निदान लेखी मिळालं.’

बाबा साताऱ्याला निघाले की ‘गावी जातो’ म्हणतात आणि परत येताना ‘घरी’. लहानपणी मला ते दोन्ही शब्द एकच वाटायचे. परवा सुट्टीचं तिकीट काढलं. लॅबमधल्या पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं, कुठे निघालीस? मी सहज म्हणाले, ‘गावी.’

देवासला मी पहिल्यांदाच गाव म्हटलं होतं.