आत्याचा पहिला चेंबू

दहावीच्या विज्ञानात एक धडा आहे. तिथं पोचलं की पुष्कळ मास्तरांना खोकला येतो. "हा घरी वाचून घ्या," म्हणतात आणि पुढच्या धड्यावर उडी मारतात. घरी कोण वाचतं? घरी आई येऊन पुस्तक मिटते.

भागीरथी टीचर तो धडा फळ्यावर चित्र काढून शिकवते. तंजावरातली पोरींची शाळा, खडूचं मोठं चित्र, आणि प्रत्येक भागाला त्याचं सरळ नाव. पोटात दुखतं म्हणणाऱ्या पोरीला ती विचारते, "पोटात कोठें? पोट म्हणजे काय एक घर आहे? अख्खं गाव आहे ते." पोरी हसतात, आणि हसता हसता बोट ठेवून दाखवतात. तिच्या वर्गात कायदा एकच. अंगाचं नाव घ्यायचं, अंगवालीचं घ्यायचं नाही. कोणाला काय झालं, कधी झालं, हे ज्याचं त्यानं सांगायचं. दुसऱ्यानं सांगितलं तर वर्गाबाहेर.

राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं घर. लग्न केलं नाही. का केलं नाही हे लोकांनी बरीच वर्षं विचारलं आणि मग विचारून विचारून दमले. घरात आई वेंकूबाई, धाकटा भाऊ साईराम, त्याची बायको कृष्णवेणी आणि त्यांची पोर हरिता, सातवीतली. साईराम विजेच्या ऑफिसात कारकून. बहिणीचा त्याला भारी अभिमान. चहाच्या दुकानात कोणी म्हटलं, "तुझी अक्का पोरींना भलतंच शिकवते की रे," तर हा ग्लास खाली ठेवून भांडायला उठायचा.

आणि मग हरिताला न्हाण आलं. आमच्या तंजावरी मराठीत अजून असंच म्हणतात. पुण्याकडच्यांनी हा शब्द कधी टाकला ते त्यांनाच ठाऊक.

पूर्वी आमच्या लोकांत हे घरातल्या घरात व्हायचं. हळदीचं पाणी, ओटी, गोडाचं जेवण, झालं. आता आजूबाजूचं बघून आम्हीही विळा करतो, म्हणजे समारंभ. मामानं ताटं भरून आणायची, पोरीला रेशमी साडी, संध्याकाळी मंडपात चारशे पानं. पण सगळ्याची सुरुवात आत्याच्या हातानं. हळदीच्या पाण्याचा पहिला चेंबू, तो तांब्याचा लोटा, आत्यानं ओतायचा. आत्यानं ओतल्याशिवाय बाकीच्या बायकांना घागरीला हात लावता येत नाही. मामा रुसला तर त्याला समजावतात. आत्या रुसली तर पोर कोरडी बसते.

हरिता खूष होती. साडी अंजिरी हवी म्हणून दुकानात आईशी भांडून आली, हातभर मेंदी काढून घेतली. गुरुवारी संध्याकाळी मात्र शाळेतून आली ती दप्तर न काढताच आत्याच्या खोलीत शिरली.

"आत्या, शाळेसमोर मी आहे."

"म्हणजे?"

"बसथांब्यावर. एवढी मोठी. दोन मोरांच्या मधे. बसमधली पोरं ओरडायला लागली. त्यातला कार्तिकेय म्हणतो, आता तू मोठी झालीस, सीट सोड." तिनं दप्तर आता काढून टाकलं. "विळा नको असं नाही गं मला. साडी पाहिजे, तुझं पाणी पाहिजे. पण आजपर्यंत हे आपल्याला ठाऊक होतं. आता कंडक्टरला ठाऊक आहे."

भागीरथी तशीच चपला घालून थांब्यावर गेली. साईरामनं फ्लेक्स लावला होता. तमिळमधे मोठ्या अक्षरांत पोरगी वयात आल्याचं लिहिलेलं, खाली हरिताचा हसरा फोटो आणि त्याखाली नातेवाइकांची नावं. सगळ्यांत वर, सोनेरी अक्षरांत: आत्या, भागीरथी टीचर, एम.एस्सी., बी.एड.

घरी येऊन तिनं भावाला गाठलं. "साईराम, तो फ्लेक्स उतरव."

"का? फोटो बरा नाही आला?"

"तिला नको आहे."

"अक्का, तूच तर सांगतेस, ह्यात लाजायचं काही नाही. मी लाजलो नाही. मुद्दाम शाळेसमोर लावला. लोकांना कळू दे, टीचरच्या घरात लपवाछपवी नाही." तो खरंच दुखावला होता. बहिणीची सगळी शिकवण त्यानं मनावर घेतली होती, आणि घेऊन ती खांबाला बांधली होती.

"लाज नाही म्हणजे दवंडी पिटायची असं नाही रे."

"चाळीस पोरींसमोर तू फळ्यावर काढतेस ते काय?"

"फळ्यावर मी कोणाचा फोटो लावते का?"

वेंकूबाई पान कुटत होती. ती म्हणाली, "मला न्हाण आलं तेव्हा गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. म्हैस आणि मी. जेवण दारातून सरकवायचे. आणि हिला खुर्चीवर बसवूनु चारशे लोक जेवायला घालताहेत, तरी तुमचं रडगाणं. ह्यात वाईट काय, ते सांग मला टीचर."

म्हशीपेक्षा मोर बरा, हे काही खोटं नव्हतं.

साईराम म्हणाला, "एका दिवसाचा प्रश्न आहे," आणि मंडपाकडे गेला.

शुक्रवारी सकाळी अंगण बायकांनी भरलं. साडेदहाला राहुकाल लागणार, त्याच्या आत पाणी पडायला हवं. हरिता जुना परकर नेसून पाटावर बसली. कृष्णवेणीनं हळदीचं पाणी कालवून चेंबू भरला आणि नणंदेच्या हातात दिला. भागीरथीनं तो घेतला आणि मांडीवर ठेवून पायरीवर बसली.

"अक्का, ओता की."

"आधी तो फ्लेक्स खाली येऊ दे."

मामाकडची एक जाड बाई म्हणाली, "अय्यो, शिकलेल्या नणंदा अशाच." दुसरी म्हणाली, "पाणी थंड होतंय." साईराम वेष्टी, म्हणजे धोतर, सावरत आतून आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"अक्का, चार लोकांत माझी अब्रू काढतेस?"

"चार लोकांत कोणाचं काय काढलंस, ते बघ आधी."

"शास्त्राचं पाणी अडवून धरतेस! आई, तू तरी सांग हिला."

वेंकूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पान गालात सरकवलं आणि लेकीकडे नाही, लेकाकडे नाही, पाटावरच्या नातीकडे बघितलं.

"मला त्या खोलीत घातलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, म्हशीला शिंगं आहेत, मला भीती वाटते. साईराम, तू हिला विचारलंस?"

"ती लहान आहे, आई."

"वा! मोठी झाली म्हणूनु गावाला सांगितलंस, आणि विचारायला लहान?"

जाड बाईच हसली पहिल्यांदा. साईराम पाटाजवळ उकिडवा बसला. "काय गं, नको तुला तो?"

हरितानं मान हलवली. मग म्हणाली, "अप्पा, फोटो छान आहे. घरात लाव. थांब्यावर नको."

साईराम उठला, स्वयंपाकघरातून विळी घ्यायला गेला, तिला पाट असतो हे हातात घेतल्यावर कळलं, मग कोयता घेऊन स्कूटरवर बसला. वेष्टी नेसलेला, कपाळाला गंध लावलेला माणूस कोयता घेऊन सुसाट निघालेला बघून गल्लीनं काय समजूत करून घेतली असेल ती असो. परत आला तेव्हा गुंडाळी काखेत होती आणि घड्याळात साडेदहाला जेमतेम थोडा वेळ उरला होता.

भागीरथीनं पाणी ओतलं. "थंडगार आहे गं, आत्या!" हरिता किंचाळली, आणि मग सगळ्या बायका घागरीवर तुटून पडल्या.

फोटो घरात लागला नाही. फ्लेक्स फार मोठा, तेवढी भिंतच नाही. साईरामनं तो तिरुवैयारूच्या शेतघरी नेला. तिथं आता तो सरपणावर असतो, तोंड खाली करून. वरून पाहणाऱ्याला नुसता पांढरा दिसतो. बहिणीशी तो दिवाळीपर्यंत धड बोलला नाही. चहाच्या दुकानात मात्र मधेच कोणी म्हणालं, "तुझ्या अक्कानं म्हणे विळा अडवला," तर त्यानं ग्लास खाली ठेवला.

"अडवला," तो म्हणाला. "तुला काय करायचंय?"