तेजोमेघाचा जळलेला मध्य

विनूदादा गेल्याचा वहिनींचा फोन आला, तेव्हा मी हजीऱ्याच्या घरी त्याच्याच खोलीत, त्याच्याच कॉम्प्युटरसमोर बसून मिटवलेले फोटो परत मिळतात का ते शोधत होतो. फोन ठेवल्यावरही अर्धा तास तेच करत राहिलो... आता दाखवायचे कुणाला, हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

दादा माझा चुलतभाऊ, बारा वर्षांनी मोठा. शिकवायचा गणित, पण जीव अडकलेला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात. खाली बाजाराचे दिवे, थंडीभर धुकं. अशा गच्चीवरून आकाशाचे फोटो काढणं म्हणजे निव्वळ हट्ट, आणि ते मी त्याला तोंडावर सांगायचो. एका फोटोत धड काही दिसत नसे, नुसती रवाळ खरखर. म्हणून एकाच जागेचे शेकडो फोटो काढून तो कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळायचा. "खरा उजेड दर वेळी तिथंच सापडतो रे, खरखर जागा बदलते. पुष्कळ मिसळले की ती दबते," असं त्याचं म्हणणं. तीन हिवाळे त्याने हेच केलं.

या थंडीत तो दवाखान्यात गेला, तो परत येणार नव्हता. त्याला ते कुणी सांगायची गरज नव्हती. मला म्हणाला, "तू घरी जा, सगळे फोटो मिसळून चित्र बनव. बस, एक बार देख लूँ." कृती त्याने कागदावर लिहून दिली. पण डिस्क गच्च भरलेली. चाळून पाहिलं तर शेकडो फोटो जवळजवळ काळे, मधे फक्त एक ठिपका. फसलेले असणार, असं समजून मी ते सगळे मिटवले आणि जागा केली म्हणून स्वतःवर खूशही झालो. अर्धवट शहाणपणा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत त्याला चित्र दाखवलं. कडेचे गुलाबी पदर सुरेख आले होते, मध्य मात्र पांढराफटक. त्याने त्या मध्यावर बोट ठेवलं.

"काळेवाले कुठे गेले?"

"ते खराब होते ना, काढून टाकले."

"अरे... वही तो बीच के थे."

मग न चिडता, वर्गात सांगावं तसं त्याने सांगितलं. फिकी कड दिसायला फोटो मिनिटभराचा लागतो, पण तेवढ्यात मधला भाग जळून जातो. त्याच्यासाठी दोन-दोन सेकंदांचे वेगळे घ्यावे लागतात, आणि ते काळेच दिसतात. त्या मध्यात चार तारे आहेत, तेच त्याला बघायचे होते. "पुढच्या थंडीत परत घेऊ," मी म्हणालो. त्याने माझं मन राखायला मान हलवली. चार दिवसांनी तो गेला.

वहिनींनी ते चित्र मोठं करून बाहेरच्या खोलीत लावलंय. परवा कुणीतरी चौकशी केली, तर म्हणाल्या, "मधे बघा ना, कितना उजाला आहे! ह्यांनी तीन वर्षं मेहनत केली त्याच्यासाठी. हो ना भाऊजी?" मी हो म्हणालो. तिथे उजेड नाही वहिनी, तिथे काहीच उरलेलं नाही, आणि ते माझ्या हातून गेलं. हे तुमच्यासमोर बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून इथे, पेपरच्या पुरवणीसाठी लिहिलं. रविवारी छापून आलं की तुम्ही वाचाल. नंतर ते चित्र भिंतीवर ठेवायचं की उतरवायचं, ते तुम्हीच ठरवा.