‘मरी’ म्हणजे काय

माझ्या तान्ह्या भावाला सांभाळायला ठेवलेल्या मावशीवर आमच्या घरानं अन्याय केला. आणीबाणी उठली त्या वर्षी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या आत. सुरुवात मी केली, हे आधीच सांगते.

खंडाळ्यात आमच्या आळीला एकच टीव्ही, डॉक्टरांकडे. उंच पाइपावर अँटेना, तरी पुण्याचं चित्र दिसायचं ते मुंग्यांतूनच. आदल्या संध्याकाळी तिथं नाटक लागलं होतं. घरात राहून मूल सांभाळणारी बाई बाळाला रोज दुधातून विष घालते. तिनं दार लावून घेतलं की अख्खी आळी श्वास रोखून बसायची. मावशीही बाळाला मांडीवर घेऊन खाली आमच्या पायांशी बसली होती. उठताना शेजारीण मला म्हणाली, "तुमच्याकडं बी हाय की गं एक. जतकडची. कुठली कोण, काय ठावं!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

सकाळी मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाळाला वारं लागू नये म्हणून मावशी ते रोजच लोटायची. त्या दिवशी मात्र मला नाटकातली बाई आठवली. दाराला कान लावला. आतून हळू आवाज, "मरी... बा मरी, बा..."

मी किंचाळले, "आई, ही बाळाला मर म्हणतीय!"

आईनं धावत येऊन बाळ ओढून घेतलं. ओसरीवर बायका जमल्या. मावशीच्या हातात वाटी होती.

"काय हाय गं त्यात?" शेजारणीनं विचारलं.

"एरंडेल हाय, आवं. अंगाला लावत हुते."

"मग पी बघू!"

मावशीनं माझ्याकडं बघत वाटी तोंडाला लावली आणि रिकामी केली. मग शेजारीण म्हणाली, "पचवलं की! चेटकीणच हाय ही."

तासाभरात तिला बोचक्यासकट एस.टी.त बसवलं. पुढं ती गावोगाव काम मागत फिरली. ‘चेटकीण’ हे नाव तिच्या आधी पोचलेलं असायचं.

पुढच्या वर्षी मी सांगलीला कॉलेजात गेले. वसतिगृहातली जतची मैत्रीण एकदा मांजराच्या पिल्लाला दूध घालत म्हणाली, "बा मरी, बा."

"मरी म्हणजे काय गं?"

"पिल्लू. कोकरू. कानडी हाय ते, बा म्हंजे ये. आमी घरातल्या लेकरालाबी मरीच म्हणतो. का गं?"

आमची मावशी मेंढरं राखणाऱ्या घरातली. माझ्या भावाला कोकरू म्हणत होती.

मी तिच्या गावी जाऊन पाया पडले. ती म्हणाली, "हितं कशाला सांगतीस? वरडलीस तिकडं. तिकडंच सांग. त्या नावापायी मला कुणी लेकरू हातात देईना."

तेव्हा खंडाळकर बायांनो, ऐका. येत्या बाजारादिवशी सकाळी दहाला आई आणि मी तिला घेऊन त्याच ओसरीवर उभ्या राहणार आहोत. त्या दिवशी जमलेल्या प्रत्येकीनं या. चेटकीण मोठ्यानं म्हणाला होतात, आता "आम्ही चुकलो" हेही तितक्याच मोठ्यानं म्हणा.