कमचीवर बसवलेला चंद्र

मुलांनो, तुम्ही लिहिता की संगणकात चालवलेलं विश्व दुर्बिणीतल्या विश्वाशी जुळतं. इतकं जुळलं की मला आधी शंकाच येते. का, ते सांगते.

पन्नासच्या दशकात मी वरोऱ्याला मॅट्रिकच्या वर्गात होते. आमच्या गुरुजींनी बैलगाडीची चाकं करणाऱ्या सुताराकडून एक यंत्र करवून घेतलं. मध्ये सूर्य म्हणून दिवा, लाकडाची पृथ्वी, तारेवर गोटीएवढा चंद्र. दांडा फिरवला की पौर्णिमा-अमावास्या येत. पण सुताराने चंद्राची वाट चाकासारखी सपाट केली, त्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण! गुरुजींनी खाली बांबूची कमची सारून वाट तिरपी केली आणि नुकतीच होऊन गेलेली दोन ग्रहणं बरोबर येईपर्यंत ती सरकवत राहिले. मग दांडा पुढे फिरवला, तर येत्या पौर्णिमेला ग्रहण निघालं. पंचांगात ते नव्हतं.

बातमी घरी पोचली. काकूला सातवा महिना होता. वेध पाळायचे म्हणजे सकाळपासून उपाशी, अंधाऱ्या खोलीत, न हलता. आजी म्हणाली, "कागदात नसन, पर यंत्रात हाय ना!"

मी गुरुजींना विचारलं, "ज्या दोन ग्रहणांवर कमची बसवली तीच दोन जुळली, यात नवल काय?"

"इतक्या शंका घेऊन सासरी कशी नांदशील?" ते हसले, पण दांडा माझ्या हाती दिला.

मी घरच्या पेटीतली जुनी पंचांगं नेली आणि यंत्र मागे फिरवलं. त्या दोन ग्रहणांआधीच्या तीन ग्रहणांपैकी एकच आलं.

आजीला सांगितलं. "एक तं आलं ना? हे बी त्यातलंच असन."

पौर्णिमेच्या दुपारी सकाळपासून उपाशी बसलेल्या काकूने मला खुणेने अंधाऱ्या खोलीत बोलावलं. "पंचांग तं कधी चुकलं नाई ना बाई? पाह्यलं का तू?"

नव्हतं पाहिलं. यंत्र मी पंचांगावरून तपासलं. पंचांग आकाशाशी कधी ताडूनच पाहिलं नव्हतं. तसं कबूल केलं.

"मंग दोघंबी सारखेच," काकू म्हणाली. "वाढ मले."

मी वरणभात वाढला. बाळाला काही झालं असतं तर आजीने जन्मभर माझ्याच नावाने बोटं मोडली असती. संध्याकाळी चंद्र उगवला, सबंध. मी अंगणात त्याची कड न्याहाळत उभी राहिले. आत काकूने पुन्हा भात मागितला.

आजी ओसरीवरून मला म्हणाली, "घाई नोको करू. आत्ता लागन गऱ्हन."