माहेरच्या नावाची फाईल

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, सदुसष्टाव्या वर्षी तू अजून ऑफिसला का जातेस आणि तिथली मुलं तुला हसत नाहीत का. मी विषय बदलला, कारण शेजारी आजोबा बसले होते आणि तिथे काय घडलं ते त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. आता क्रमाने लिहिते. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, पण हे इंग्रजीत लिहायला बसले तर त्याचा तक्रारअर्ज होईल. म्हणून मराठीत. अडेल तिथे बाबाला विचारा.

परळच्या ज्या रुग्णालयात मी आयुष्यभर नोकरी केली, तिथून निवृत्तीनंतर सात वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं. जुन्या फाईली स्कॅन करून कंप्युटरवर चढवायच्या होत्या, आणि त्या कपाटांत कशा लावल्या आहेत हे माहीत असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. सहा महिन्यांचा करार होता. गिरगावातून सकाळची बस धरून मी सगळ्यांच्या आधी पोचायचे, टेबल पुसायचे, लाल पेन आणि पट्टी बाहेर काढून ठेवायचे.

टेबलाभोवती चार मुलं होती, सगळी पंचविशीच्या आतबाहेरची. त्यांच्यावर एक इन्चार्ज बाई, वय बत्तीस. ती मला काकू म्हणायची आणि मुलं पहिल्या दिवसापासून आजी. तुम्ही आजी म्हणता तेव्हा मला तुमचे चेहरे दिसतात. तिथे तो शब्द ऐकला की कुणीतरी माझी खुर्ची भिंतीकडे सरकवतंय असं वाटायचं.

त्यातला एक मुलगा चोवीस वर्षांचा, सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत वाचाळ. मी एखाद्या नावापाशी थांबले की तो तर्जनी हवेत गोल गोल फिरवायचा. "थांबा रे, आजी लोडिंग." बाकीचे हसायचे. मीही हसायचे. एकदा माझी पट्टी उचलून त्याने विचारलं, हीपण स्कॅन करू का, जुनी वस्तू दिसतेय. मला पासवर्ड वहीत लिहिताना पाहून एक मुलगी म्हणाली, सो क्यूट. पण सगळ्यांत लागलं ते इन्चार्ज बाईंचं कौतुक. "काकू, वयाच्या मानाने तुम्ही फारच फास्ट आहात हां." त्या दिवसापासून मी घड्याळ बघून काम करायला लागले. दिवसाअखेर मुलांच्या फाईली किती झाल्या, माझ्या किती, हे डोळ्यांनीच मोजायला लागले. कुणी मला तसं सांगितलेलं नव्हतं.

आता कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जे रुग्ण वर्षानुवर्षं परत आलेले नाहीत त्यांची फाईल स्कॅन होत नाही. कंप्युटरवर तिची नोंद करून 'बंद' असा शेरा मारायचा, शेजारी आद्याक्षरं घालायची आणि ती खोक्यात टाकायची. खोकं रे रोडच्या गोडाऊनमध्ये जातं आणि काही महिन्यांनी तिथे त्या कागदांचा भुगा होतो. पण बाईची फाईल बंद करण्याआधी आतलं पान उघडायचं, असा नियम आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. दाखल करायला यायचा भाऊ नाहीतर वडील, आणि ते सांगायचे तिचं माहेरचं नाव. सासरी लग्नात आडनावाबरोबर पुष्कळदा पहिलं नावही बदललेलं असायचं. पुढे तीच बाई सासरहून आली की नवी फाईल निघायची. बाई एक आणि फाईली दोन, जशा काही दोन परक्या बायकांच्या. आतल्या संमतीपत्रावर मात्र नवऱ्याचं नाव आणि सही असते. ते पाहून दोन्ही फाईली जोडायच्या. हा नियम तीस वर्षांपूर्वी मीच घातला होता.

करार शुक्रवारी संपत होता. मुदतवाढ द्यायची की नाही, याचा शेरा इन्चार्ज बाईंनी मंगळवारी संध्याकाळपर्यंत वर पाठवायचा होता. मला ती मुदतवाढ हवी होती. निम्मी कपाटं अजून बाकी होती, आणि काम अर्ध्यावर असताना कुणी मला प्रेमाने घरी बसवावं हे मला सोसलं नसतं.

त्याच मंगळवारी अकराच्या सुमाराला लालबागहून एक बाई आपल्या मुलाबरोबर आल्या. बाई साठीच्या, मुलगा पस्तिशीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. त्या मुलाच्या जन्माच्या वेळी सिझेरियन करताना भुलीचं काहीतरी बिघडलं होतं, एवढंच त्यांना आठवत होतं. कशाने बिघडलं ते कळल्याशिवाय भूल देणारे डॉक्टर पुढे जायला तयार नव्हते.

चोवीसवाल्याने नाव घालून पाहिलं. नंतरच्या दोन फाईली निघाल्या, ती निघाली नाही. त्याने पुन्हा पाहिलं आणि मान वर न करता म्हणाला, त्या वर्षाचं कपाट आजींनी केलंय. इन्चार्ज बाई उठून आल्या. माझ्याशी न बोलता त्याला म्हणाल्या, "काकूंच्या सगळ्या बॅच नंतर एकदा चेक करून घे." मी तिथेच, हातभर अंतरावर बसले होते.

मी लालबागच्या बाईंना बसवलं आणि विचारलं, पहिलं बाळंतपण कुठून झालं?

"म्हायेराक," त्या म्हणाल्या. माहेर डिलाईल रोडला, चाळीत. भावाने टॅक्सीत घालून आणलं होतं.

"मग तुमचं माहेरचं नाव सांगा. पहिलं नावसुद्धा."

त्यांनी नाव सांगितलं, हळू आवाजात, जणू दुसऱ्या कुणाची वस्तू मागतायत. मुलाने फोनवरून मान वर केली. आईचं हे नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं. मामा तिला ताईच म्हणायचा.

ते नाव घातल्यावर नोंद लगेच आली. शेरा 'बंद'. खोक्याचा नंबर, गोडाऊन रे रोड, तीन महिन्यांपूर्वीची तारीख, आणि शेजारी माझी आद्याक्षरं.

तो दिवस मला आठवेना. ती फाईल हातात धरल्याचंही आठवेना. मुलं म्हणतात तेच खरं असेल का, हे मी त्या क्षणी पहिल्यांदा स्वतःला विचारलं. चोवीसवाल्याने आद्याक्षरं पाहिली, मी ती पाहिली हेही पाहिलं, आणि स्क्रीन खाली सरकवून नुसता खोक्याचा नंबर चिठ्ठीवर लिहिला. गोडाऊनला फोन लावला तेव्हा कळलं, तो लॉट गुरुवारी मशीनवर जाणार आहे. इन्चार्ज बाईंनी चोवीसवाल्याला जायला सांगितलं. मी म्हटलं, मीही येते.

टॅक्सीत मी माझी रोजची वही उघडली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: आज मुलांच्या बरोबरीने फाईली झाल्या. आतली पानं उद्यापासून नीट.

ते वाचून मला सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली. मी विसरले नव्हते. मी ते पान जाणूनबुजून उघडलं नव्हतं. हवेत फिरणारं ते बोट थांबावं म्हणून मी माझाच नियम मोडला होता आणि तसं लिहूनही ठेवलं होतं.

गोडाऊनच्या बाजूलाच लाकडाच्या वखारी आहेत. भुशाने घसा कोरडा पडत होता. तो शिडीवर चढून नंबर वाचत होता, मी खालून चिठ्ठीशी ताडून पाहत होते. तासभर लागला. खोकं सापडलं, फाईल सापडली. आतलं पान उघडलं तर नवऱ्याचं नाव स्पष्ट, ठसठशीत अक्षरात. पाहायला एक निमिषही लागलं नसतं. भुलीच्या कागदावर औषधाचं नाव होतं आणि त्याखाली, रक्तदाब एकाएकी उतरला, असं दोनदा अधोरेखित केलेलं.

परतताना भारतमाता टॉकीजपाशी सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा तो म्हणाला, "आजी, मी कोणाला नाही बोलणार. सापडली ना, विषय संपला. ह्या वयात होतं असं. माझी आजीपण गॅस चालू ठेवते."

"वयामुळे नाही झालं."

"बरं बरं," तो म्हणाला. लहान मुलाला म्हणतात तसं. त्याची चेष्टा मी पाच महिने पचवली होती, ही माया मात्र घशाखाली उतरेना.

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं, हे लपवत नाही. फाईल डॉक्टरांकडे पोचली, बाईंच्या मुलाने मला वाकून नमस्कार केला, इन्चार्ज बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, काकू होत्या म्हणून सापडली. शेरा पाठवायला दोन तास उरले होते. त्या दोन तासांत मी एकाही फाईलीला हात लावला नाही.

पाच वाजता मी त्या फाईलीच्या नोंदीचा कागद छापून घेतला. 'बंद'वर लाल रेघ मारली, शेजारी 'आतलं पान पाहिलं नाही' असं लिहून पूर्ण सही केली. चूक खोडायची नाही, तिच्या शेजारी सही करायची, ही माझी जुनी सवय. तो कागद आणि वही घेऊन मी इन्चार्ज बाईंच्या समोर बसले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी वहीतली ओळ वाचली. मग समोरची स्क्रीन थोडी वळवली, मला दिसू नये म्हणून, पण मला दिसलं. शेऱ्याच्या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं: वय लक्षात घेता मुदतवाढ नको.

"काकू, मी वाईट अर्थाने नव्हतं लिहिलं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "आणि आता तर, म्हणजे, तुम्हीच सांगताय."

"गेल्या महिन्यात दोन रुग्णांची पानं एका फाईलीत स्कॅन झाली. तेव्हा ती स्कॅन करणाऱ्या मुलाच्या नावापुढे तुम्ही काय लिहिलंत?"

"दुर्लक्ष."

"मग माझ्याही नावापुढे दुर्लक्षच लिहा. मुदतवाढ द्यायची नसेल तर नका देऊ. पण कारण ते लिहा. दुर्लक्ष मी उद्यापासून सुधारू शकते."

इन्चार्ज बाई बोटं कीबोर्डवर तशीच ठेवून समोर बघत राहिल्या, इतका वेळ की पलीकडच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. मी माझा उजवा हात मांडीवर घट्ट धरून ठेवला, कारण माझी तर्जनी हवेत फिरायला बघत होती. मग त्यांनी जुनी ओळ पुसली, नवी लिहिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका नोंदीत दुर्लक्ष. स्वतः निदर्शनास आणलं. मुदतवाढ तीन महिने.

सहा मागितले होते, तीन मिळाले. मला ते बरोबर वाटलं.

तर, मी अजून जाते. बाईंचं ऑपरेशन नीट झालं. चोवीसवाला अजून आजीच म्हणतो. मी 'बंद' केलेल्या जुन्या फाईली आता तो तपासतो आणि त्याच्या मी. त्याने बंद केलेल्या दोन फाईलींतली आतली पानं मी परत उघडायला लावली, तेव्हा तो कुरकुरला. काल मी एका संमतीपत्रावरची पुसट सही भिंगाखाली लावत होते तेव्हा ते बोट पुन्हा फिरलं.

"हो, लोडिंग," मी म्हटलं, आणि पान शेवटपर्यंत वाचलं.