ती फुंकर माझी होती

माझी मैत्रीण सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहावीचे पेपर तपासत होते. साधा ताप, आणि चार दिवसांत माणूस नाही... रडू नंतर आलं, आधी आली ती भीती. आम्हा दोघींनाच ठाऊक असलेली एक गोष्ट आता मला एकटीला सांभाळायची होती.

गोष्ट २००६ च्या नाताळातली. मालवण पर्यटकांनी भरून गेलं होतं. सुनंदाने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला नुकतीच सुरुवात केली होती आणि मी कुडाळहून सुट्टीत तिच्या मदतीला, म्हणजे खरं तर फुकटचे बांगडे हादडायला, गेले होते. त्या दिवशी तिला पंचेचाळीस पुरी झाली. आमच्यात बायकांचे वाढदिवस कोण करतं? पण मी पडले हौशी. पाहुण्यांना सांगून टाकलं आणि त्यांनी सकाळीच बाजारातून केक आणला, वर एकच मेणबत्ती. सगळे टाळ्या पिटू लागले तशी ही मागे सरली. “मी फुकूचंय नाय गो. घोव दर्यार आसा माझो.” घरचा माणूस समुद्रावर असताना त्यांच्याकडे दिवा तोंडाने विझवत नसत, आपला आपण शांत होऊ देत. हे मला माहीत होतं. तरी मी, विज्ञान शिकवणारी बाई, हसले. “चारचौघांत काय हे, सुनंदा?” म्हटलं आणि स्वतःच फुंकर मारली. पाहुण्यांना ती थट्टाच वाटली.

तिचा नवरा पहाटे मासेमारीला गेला की सकाळी दहापर्यंत परतायचा. बारा वाजले. बाकीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या, त्याची नाही. मोबाईल लागेना. सुनंदा पाहुण्यांना ताटं वाढत होती, सोलकढी हवी का विचारत होती, आणि मागच्या दारी येऊन गुपचूप समुद्राकडे बघत होती. तीन वाजले, चार वाजले... तिने मला शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत द्यावी, असं वाटत होतं. उलट तीच म्हणाली, “रडा नको. येतले ते.” हात मात्र बर्फासारखा गार. दिवेलागणीला दुसऱ्या होडीने त्याची होडी ओढत आणली. इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं होतं, एवढंच. मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, “कोणाक सांगा नको हां.” माझी लाज राखतेय, असं मला वाटलं.

बाराव्याला गेले तेव्हा तिचे यजमान, आमचे भावोजी, पडवीत बसले होते. म्हणाले, “दर वर्सा वाढदिसाक माका दर्यार जावक देय नाय. ती म्हणा, ‘मेणबत्ती मियाच फुकलंय, म्हणान तुमका तसा झाला.’ मी हसय तिका.” म्हणजे चार वर्षं माझी फुंकर ती आपल्या अंगावर घेऊन वावरली होती! गप्प बसणं सोपं होतं. या वयातही मला घाबरायला झालं, पण बोलले. “भावोजी, ती मी फुंकली होती. ती नकोच म्हणत होती.”

ते माझ्याकडे वळले. मग हळूच विचारलं, “येत्या नाताळात तिचो वाढदिस इलो की मी दर्यार जाव काय नको? आता तूच सांग.”

वर्गात मुलांना मी काय काय शिकवते... पण ‘जा’ हा शब्द काही माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, “नका जाऊ.”