चारची हाक

‘झोपी गेले’ या दोन शब्दांचा मला इतका राग येईल असं कधी वाटलं नव्हतं. आम्हा ख्रिस्ती लोकांत कुणी वारलं की पत्रिकेवर ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असंच छापतात. लहानपणापासून वाचत आले, कधी काही खटकलं नाही. पण मागच्या वर्षी आमचे हे अचानक गेले. त्यांच्या स्मरणार्थ उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, सभा ठेवायची होती. दानिएल भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पत्रिकेचा मजकूर लिहून घेऊन आले आणि त्यात हेच दोन शब्द. मी त्यांच्यावर अशी काही उसळले, की बिचारे अर्धा चहा तसाच ठेवून बदलापूरला परत गेले.

राग कशाचा, ते सांगते. हे अंबरनाथला एका कंपनीत तीस वर्षं शिफ्टमध्ये होते. शिफ्टवाल्याच्या बायकोला संसारात एक जादा काम असतं, नवऱ्याला उठवायचं. आणि ह्यांची झोप म्हणजे काय विचारता! शिवमंदिराकडे महाशिवरात्रीचे भोंगे लागू देत नाहीतर दारावरून वरात जाऊ दे, हे कूससुद्धा बदलायचे नाहीत. गजर ह्यांच्या उशाशी वाजायचा आणि जागी मी व्हायचे. पहिली हाक स्वयंपाकघरातून, दुसरी दारातून, आणि तिसऱ्या हाकेला उजव्या पायाचा अंगठा धरून ओढायचा. त्याशिवाय गडी हलत नसे. मग डोळे न उघडता म्हणायचे, “पाच मिनिटं.” रिटायर झाल्यावरही दुपारी चारला उठवायचं काम माझ्याकडेच राहिलं. “तू हाक मारलीस की वाटतं, आपण अजून हजेरीपटावर आहोत,” असं म्हणायचे.

त्या रविवारी उपासनेहून आलो, मटण-भात जेवलो आणि हे आडवे झाले. चार वाजले. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, झोपू दे आज, सकाळपासून मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, खुर्च्या उचलत होते. सव्वापाचला जाऊन अंगठा धरला, तर तो गार. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं, नक्की किती वाजता ते सांगता येणार नाही. बस, ते एवढं वाक्य माझ्या डोक्यात घुसलं ते घुसलंच. चारला उठवलं असतं तर? इतक्या वर्षांत एक हाक चुकली आणि नेमकी तीच? मंडळीतल्या बाया जवळ बसून म्हणायच्या, “बाई, प्रभूची इच्छा.” मी मान हलवायचे आणि मनात म्हणायचे, प्रभूची इच्छा की माझी चूक? गुडघे टेकायचे, पण शब्द फुटायचा नाही. ज्याच्यापाशी रडायचं, त्याच्यापासूनच मी तोंड लपवत होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, भाऊजींनासुद्धा नाही. लोक म्हणायचे, केवढी धीराची बाई! डोंबलाची धीराची!

पत्रिकेवरून झालेल्या त्या भांडणानंतर दोन दिवसांनी भाऊजींचा फोन आला. आवाजात रुसवा होताच. म्हणाले, “वहिनी, मजकूर उल्हासनगरच्या प्रेसमध्ये दिलाय. काय खोडायचं ते तुम्हीच जाऊन खोडा.” म्हटलं, बरं, खोडते. दुसऱ्या दिवशी सकाळी पर्समध्ये पेन टाकलं आणि रिक्षाने उल्हासनगरच्या कॅम्प एकला गेले. ‘झोपी गेले’ काढायचं आणि सरळ ‘वारले’ लिहायचं, असं घरूनच ठरवून निघाले होते. माणूस मेला तर मेला म्हणावं. झोपला म्हटलं की पुढचं बोट माझ्याकडेच येत होतं, की मग उठवलं का नाहीस?

प्रेसचे मालक एक म्हातारे सिंधी काका. चष्म्याला दोरी, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. मराठी अक्षरावर बोट ठेवून, एकेक शब्द ओठांत म्हणत वाचत होते. त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. मी पर्समध्ये हात घालते तोच त्यांनी प्रूफचा कागद पुढे सरकवला. त्याच दोन शब्दांभोवती लाल पेनाने गोल केलेला! मी चमकलेच.

“अदी,” ते म्हणाले. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. “बुरा मत मानना. ये गुजर जाने का कार्ड है ना? इधर ‘झोपी गेले’ लिखा है. मेरे को लगा, लिखनेवाले की गलती है.”

खरं तर हेच खोडायला मी आले होते. ‘हो, गलती आहे’ एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, “नहीं काका, गलती नहीं है. हमारे में ऐसाच लिखते हैं.”

“ऐसा?” त्यांनी चष्मा वर केला आणि लहान मुलाने विचारावं इतक्या सरळपणे विचारलं, “सो गये, तो फिर उठाएगा कौन?”

“प्रभू उठाएगा,” मी म्हणाले.

विचार करून नाही हो म्हणाले! शेवटच्या दिवशी प्रभू मेलेल्यांना उठवणार, हे संडे स्कूलमधल्या मुलीने हात वर करून सांगावं तसं पटकन निघून गेलं. आणि मग माझंच बोलणं माझ्या कानांवर पडलं.

काकांनी मान डोलावली. “फिर तो गलती नहीं है. रहने दूँ?”

ते प्रूफबद्दल बोलत होते. पण मी तिथे, शाईच्या त्या वासात, परक्या माणसासमोर हमसून हमसून रडले. दफनाच्या दिवशीही अशी रडले नव्हते. काकांनी मशीन बंद केलं आणि माझं होईपर्यंत ते समोर बसून राहिले. शेवटी मी डोळे पुसले आणि म्हटलं, “रहने दो, काका.” पेन पर्समधून बाहेर निघालंच नाही.

कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणो. मला वाद घालायचा नाही. मला एवढंच कळलं, की त्या दिवशी चारला माझी हाक चुकली नव्हती, माझी पाळी संपली होती. शिफ्ट सुटताना हे पुढच्या माणसाला चार्ज द्यायचे आणि मागे न बघता घरी यायचे. मी मात्र चार्ज न देताच दारात अडून बसले होते.

सभेत साक्ष द्यायला उभी राहिले आणि पहिल्यांदाच सगळं सांगून टाकलं, चार वाजल्याचं, न मारलेल्या हाकेचं. भाऊजी रडता रडता म्हणाले, “वहिनी, उठवलं असतं तरी दादा ‘पाच मिनिटं’च म्हणाला असता.” सगळी मंडळी हसली, मीही हसले. त्या संध्याकाळी उपकारस्तुती हा शब्द मला जड गेला नाही. तीस वर्षं जो माणूस माझ्या हाकेने उठला, त्याच्यासाठी देवाचे आभार मानायचे नाहीत तर कशासाठी?

अजून चार वाजले की तोंडात येतंच, अहो, उठा. मग मी माझ्यापुरता चहा ठेवते आणि म्हणते, झोपा निवांत, ते काम आता माझं नाही. प्रार्थनाही आता मोकळ्या तोंडाने होते. त्यात प्रभूला एवढं मात्र सांगून ठेवलंय, की हा माणूस एका हाकेत उठणारा नाही. उजव्या पायाचा अंगठा ओढावा लागतो.